गरम पाणी सोसणारा हात

आमच्या गल्लीतली एक बाई परवा विरजण मागायला आली. तिने वाटी डाव्या हाताने पुढे केली. उजवा हात पदराखाली होता. मी म्हटलं, "तो हात दाखव." ती म्हणाली, "काही नाही, आजी, भाजलाय." मी वाटी परत दिली नाही, तेव्हा दाखवला. मनगटाच्या वर रुपयाएवढा फिका चट्टा होता. मी नखाने टोचलं, तिला कळलं नाही.

मी माझा हात तिच्या शेजारी धरला आणि सांगितलं की मलाही हेच झालं होतं, तुझ्या आईच्या लग्नाच्या आधी, आणि मी अजून रोज भाकरी थापते. तिला वाटलं म्हातारी समजूत काढते आहे. मी कुणाची समजूत काढत नाही. दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात मी स्वतः घेऊन गेले. आता गोळ्या मिळतात. आमच्या वेळी त्या नव्हत्या. काय होतं ते लिहून ठेवते. माझं शिक्षण मराठी चौथी, तेव्हा सरळच लिहीन.

*

मी नाशिकची. आमचं घर तांबटांचं. थोरला भाऊ, ज्याला मी दादा म्हणे, तो दिवसभर ओसरीवर बसून हंडे आणि घंगाळी ठोकायचा. लग्नानंतर लवकरच माझा नवरा पटकीने गेला आणि मी माहेरी परत आले. मूलबाळ नव्हतं. बसवून खायला घालील अशी वहिनी नव्हती आणि बसून खाईन अशी मी नव्हते. म्हणून बायकांच्या दवाखान्यात आया म्हणून लागले. ही एकोणीसशे तीसच्या पुढची गोष्ट. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं वाईट नव्हती.

आयेचं काम म्हणजे घाण काढणं. रक्ताचे कपडे, शौचाची भांडी, कार्बोलिकच्या पाण्याने फरशी. त्यातलं एकच काम मानाचं होतं, ते म्हणजे बाळांच्या आंघोळी. दवाखान्यात पांढरा टब होता, पण बाळंतिणी ऐकत नसत. म्हणायच्या, "बुडवायला ते पोर आहे की बटाटा?" मग आम्ही घरच्यासारखीच घालायचो. पाटावर बसायचं, पाय लांब करायचे, बाळाला नडग्यांवर पालथं घ्यायचं आणि पाणी ओतायचं. पाण्याची उष्णता मोजायची काचेची नळी होती. ती फुटेल म्हणून सिस्टरबाईंच्या कपाटात कुलपात असे. आम्ही हातानेच बघायचो.

आयांमध्ये एक समज होता. जिचा हात गरम पाणी सोसतो ती पक्की आया. नव्या मुली उकळलेली औजारं चिमट्याने काढत. जुन्या बोटांनी काढत. कार्बोलिकमुळे सगळ्यांचेच हात पांढरे पडायचे, सालपटं निघायची, बधिर व्हायचे. "मेला हात म्हणजे शिकलेला हात," असं आम्ही म्हणत असू. माझ्या उजव्या हाताच्या पाठीवर चट्टा आला तेव्हा मला वाटलं, आता आपण शिकलो. हळूहळू पंजाभर मुंग्या आल्या आणि गेल्या, आणि मग काहीच कळेनासं झालं. मला आनंदच झाला. सिस्टरबाई नव्या मुलींना म्हणत, "यमुनेचा हात बघा. असा तयार व्हायला पाहिजे." मी फुगून जात असे.

माझ्याबरोबर हाजराबी होती. तिचा नवरा मालेगावला माग चालवायचा. ती इथे आईपाशी राहून काम करायची आणि ईदेला तिकडे जायची. ती पाणी नेहमी कोपराने बघायची. मी तिला हसायची. "कोपराने काय बघतेस, हाजरा? नवी नवरी आहेस का?"

"माझे हात मला घरी न्यायचेत," ती म्हणायची. "तुझे तू दवाखान्याला देऊन टाक."

*

थंडीचे दिवस होते. आदल्या दिवशी जन्मलेलं बाळ हाजराच्या हातात होतं. मी पाणी ओतलं, हाताने ढवळलं आणि म्हटलं, "आण." तिने सवयीने कोपर बुडवलं आणि झटक्यात मागे घेतलं.

"यमुनाबाई, हात काढ."

"का?"

"आधी काढ."

मी काढला. मनगटापर्यंत लालभडक झाला होता आणि बोटांवर कातडी फुगायला लागली होती. पाण्यातून वाफ निघत होती. ती मला दिसत होती, पण थंडीत कोमट पाण्यालाही वाफ दिसते. हाजरा माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग बाळाला दुपट्यात गुंडाळून तिच्या आईपाशी देऊन आली आणि मला न विचारता डॉक्टरीणबाईंकडे गेली. मला तिचा फार राग आला. चुगली केली असं वाटलं. तो राग बरेच दिवस टिकला.

डॉक्टरीणबाई पुण्याच्या होत्या, कमी बोलायच्या. त्यांनी मला खिडकीशी बसवलं, डोळे मिटायला सांगितले आणि कापसाची वात हातावर फिरवायला लागल्या.

"लागलं की सांग."

"लागलं."

"आता?"

"लागलं."

"आणि आता?"

"हो, लागलं."

"यमुना, डोळे उघड."

उघडले तर कापूस टेबलावर पडला होता आणि बाईंचे दोन्ही हात त्यांच्या मांडीवर होते. मला लाज वाटली नाही. काम जाईल या भीतीने माणूस काहीही लागलं म्हणतो. मग त्यांनी टाचणी टोचली. रक्ताचा थेंब वर आला. तो मी शेजाऱ्याच्या हातावर बघावा तसा बघितला.

सिस्टरबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. दोघी इंग्रजीत बोलू लागल्या. मी म्हटलं, "हात माझा आहे. मला कळेल असं बोला."

"कातडीचा आजार आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"नाव काय त्याचं?"

"नाव घेऊन काय करायचंय?" सिस्टरबाई म्हणाल्या.

"रक्तपिती का?"

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे सरळ बघितलं. त्याबद्दल मी त्यांची अजून आभारी आहे. "हो," त्या म्हणाल्या. "लवकर सापडलीय. आणि तुझी आहे ती पसरणाऱ्या जातीची नाही. कडू कवठाच्या तेलाच्या सुया घ्याव्या लागतील. वर्ष जाईल, जास्तही जाईल."

"आणि काम?"

"इलाज पुरा होईपर्यंत नाही. मग बघू."

"बघू म्हणजे?"

"म्हणजे बघू."

सिस्टरबाईंनी दार लोटून घेतलं. "आम्ही सांगू, यमुना वहिनीच्या बाळंतपणाला गावी गेली. तूही तेच सांग. गप्प राहिलीस तर तुझी जागा मी ठेवीन."

"ज्यांच्या पोरांना मी आंघोळी घातल्या त्यांना सांगायला नको?"

"त्यांना तुझ्यापासून धोका नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"खरं?"

"माझ्या माहितीप्रमाणे."

मग सिस्टरबाई बोलल्या. "या बायकांना इथवर आणायला किती वर्षं लागली माहीत आहे तुला? एकदा हे बाहेर गेलं की त्या परत घरी बाळंत होतील आणि मरतील." त्या खोटं बोलत नव्हत्या. अशा मेलेल्या मी पाहिल्या होत्या. मी मान डोलावली आणि घरी निघाले. वाटभर बाईंचा एकच शब्द डोक्यात फिरत होता, 'माहितीप्रमाणे'.

*

घरी मी दोघांना समोर बसवून सांगितलं. दादाच्या हातातली हातोडी तशीच राहिली.  वहिनी म्हणाली, "ते बाळंतपणाचं काय म्हणालात, वन्सं? कुणाचं बाळंतपण?"

"तुमचं."

"माझी पोरगी लग्नाची झाली आणि माझ्या नावावर बाळंतपण खपवता?"

दादा हसला. मीही हसले. त्यानंतर त्या घरात बरेच दिवस कुणी हसलं नाही.

पुतणीचं लग्न ठरवायचं होतं. विंचूरचे लोक बघायला येणार होते. वहिनीने माझं ताट आणि तांब्या वेगळा केला आणि अंथरूण मागच्या खोलीत टाकलं. मी तिला दोष देत नाही. तिच्या जागी मी असते तर बाहेरच काढलं असतं. फक्त ताट चुकून मिसळायला नको म्हणून त्यावर खूण हवी होती. आमच्याकडे भांड्यावर नाव घालतात ते लग्नात, रुखवताला. दादाने माझं ताट आणि तांब्या घेतला आणि ठशाने नाव घालायला बसला. अक्षर अक्षर ठोकत होता, नवरीच्या भांड्यावर घालावं तसं.

मी म्हटलं, "खिळ्याने ओरखडा काढला असता तरी चाललं असतं, दादा."

"माझ्या हातून वाईट काम होत नाही," तो म्हणाला आणि ठोकत राहिला.

रोगापेक्षा बसून राहणं मला जड गेलं. हा आजार दुखत नाही. ताप नाही, खोकला नाही. माणूस धडधाकट असतो आणि त्याला काही करू देत नाहीत. मी चिंचेने भांडी घासायला घेतली तर वहिनी म्हणाली, "गिऱ्हाईकाची आहेत, वन्सं." स्वयंपाक बंद. पाणी भरणं बंद. सकाळपासून हाताला वळवळ सुटायची, जणू काही पिळायचं राहिलंय. मी उठून बाहेर पडायची. पूल ओलांडून पंचवटीत, तिथून परत, पुन्हा तिकडे. विंचूरचे लोक आले त्या दिवशी मला सकाळीच बाहेर जायला सांगितलं होतं.

त्या दिवशी मी घाटावर गेले. तिथे महारोग्यांची रांग बसते, तेव्हाही बसायची. लहानपणापासून मी त्यांना मूठभर तांदूळ घालत आले होते आणि कधी त्यांच्याकडे बघितलं नव्हतं. त्या दिवशी प्रत्येकाचे हात बघितले. कुणाची बोटं आखडलेली, कुणाची नाहीतच. दोघांच्या मधे एक जागा रिकामी होती. मी तिच्याकडे इतका वेळ बघत राहिले की शेजारची म्हातारी म्हणाली, "काय गं, बसतीस का? ती उन्हाची जागा हाय, लय तापती दुपारी." मी तिथून निघाले आणि अर्ध्या वाटेपर्यंत पळत आले. एवढी मोठी बाई घाटावरून पळते म्हणून लोक बघत होते.

*

सुयांचा दवाखाना गावाबाहेर होता. व्हरांड्यात बाकं होती आणि तेलाचा खवट वास असायचा, तो लुगड्याला चिकटून घरी यायचा. चट्ट्याच्या भोवती आणि चट्ट्यात जवळजवळ सुया टोचत जायचे. मधे काही कळायचं नाही. कडेला कळायचं. पहिल्यांदा कडेला सुई लागली तेव्हा मी ओरडले, आणि कंपाउंडर म्हणाला, "शाबास." मला वाटलं चेष्टा करतोय. पण खरंच तिथे जो ओरडेल त्याचं कौतुक व्हायचं.

बाकावर घोटीकडचा एक भातवाला शेतकरी भेटायचा. त्याच्या पायाला होतं. आवणीच्या वेळी दिवसभर चिखलात उभा राहिला आणि पायात काच घुसलेली घरी गेल्यावर बायकोने दाखवली.

मी त्याला विचारलं, "फार दुखतो का पाय?"

"दुखत नाय, बाई. त्येच तर दुखणं हाय." मग माझ्या हाताकडे बघून म्हणाला, "तुमी काय करत व्हता?"

"दवाखान्यात होते. पोरांना आंघोळ घालायची."

"मग बरंय. माजं भात माज्यावाचून उगवतंय. पोरं पण तुमच्यावाचून होत असतीलच."

त्याने हे धीर द्यायला सांगितलं होतं. मला मात्र ते दिवसभर टोचत राहिलं, चट्ट्याच्या मधेसुद्धा.

*

पुढे एकदा भाजीबाजारात मागून हाक आली. "अगं बाई, यमुनाबाई, गावाहून कधी आलात?" एका किराणा दुकानदाराची बायको होती. तिचा मुलगा माझ्याच पायांवर पहिल्यांदा न्हाला होता. आता चांगला गुबगुबीत झाला होता. "घ्या ना, बघा किती जड झालाय," असं म्हणून तिने त्याला माझ्या अंगावरच टाकायला घेतलं.

मी दोन्ही हात पाठीमागे नेले. ती थांबली. "काय झालं?"

मला दुसरं काही सुचलं नाही. मी खरं बोलणारी बाई म्हणून बोलले असं कुणी समजू नये. महिनोन्महिने वहिनीच्या बाळंतपणाला गेलेली असण्याचा मला कंटाळा आला होता. मी म्हटलं, "मला रक्तपितीचा चट्टा निघालाय. सुया चालू आहेत. तुमच्या मुलाला धोका नाही असं डॉक्टरीणबाई म्हणतात. त्यांना विचारून घ्या."

ती ओरडली नाही. तिने तिथेच मेथीच्या जुड्यांवर त्याला ठेवलं, अंगडं काढलं आणि उलटा सुलटा करून त्याचं सगळं अंग बघू लागली. पोर रडायला लागलं. भाजीवाली म्हणाली, "अहो, माझी मेथी." मी उभी राहिले. निघून जाणं बरं दिसलं नसतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हाजरा आमच्या दारात आली. आत नाही आली, वहिनीनेही बोलावलं नाही.

"तुझी जीभ कापून मीठ भरायला पाहिजे," ती म्हणाली. "सकाळपासून बायका पोरं घेऊन येतायत. सिस्टरबाई जेवल्या नाहीत. म्हणतात, जागा गेली म्हणून सांग तिला."

"तू असतीस तर काय केलं असतंस?"

"हात मुरगळलाय म्हटलं असतं."

"आणि पुढच्या वेळी?"

"पुढच्या वेळी दुसरा बाजार बघितला असता." मग म्हणाली, "डॉक्टरीणबाई एकेक पोर स्वतः तपासतायत. मी कपडे काढून देतेय. काही नाही कुणाला, मी पण बघितलं." आणि जाताना म्हणाली, "त्या दिवशी मी सांगितलं नसतं तर तुला आवडलं असतं का?"

माझा राग तिथे संपला. तसं मी तिला बोलून मात्र दाखवलं नाही.

काही बायका नंतर त्या दवाखान्यात परत आल्या नाहीत. त्यांचं काय झालं मला माहीत नाही. सिस्टरबाईंचं म्हणणं मला अजूनही पुसून टाकता येत नाही. आणि त्या बाईने मेथीवर पोर उघडं केलं, तेही विसरता येत नाही. तिला बघण्याचा हक्क होता.

विंचूरच्यांनी पुतणीला होकार दिला. दादाने त्यांना माझं आधीच सांगितलं होतं, वहिनीला न विचारता. ते वहिनीला लग्न झाल्यावर कळलं.

*

चट्ट्याचा रंग परत आला. काठ मिटले. सुयांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी रोग शमल्याचा कागद दिला. तो घेऊन मी माझ्या जुन्या दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी वाचला, सिस्टरबाईंनीही वाचला. हाजरा बादली घेऊन दारात रेंगाळत होती.

"कागद स्वच्छ आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ये कामावर."

मला तिथे गप्प बसता आलं असतं. मी म्हटलं, "रोग गेला, बाई. हात आला नाही. गरम अजून कळत नाही."

"कागदात तसं लिहिलेलं नाही."

"आंघोळ कागदाला घालायची नाही."

डॉक्टरीणबाईंनी कागद खाली ठेवला. सिस्टरबाई म्हणाल्या, "मग कपडे धू. आणि कुणी विचारलं, ही कोण, तर?"

"सांगेन."

"सांगितल्यावर कोण पोर देणार तुझ्या हातात?"

"नाही दिलं तर कपडे धुईन."

"पाणी मी बघत जाईन," हाजरा दारातून म्हणाली.

"तुला विचारलं नाही."

"मी पण विचारलं नाही, बाई. सांगितलं."

 सिस्टरबाईंनी कपाट उघडलं आणि ती काचेची नळी काढून हाजराच्या हातात दिली. हाजराने ती पदराने पुसली आणि परत त्यांच्या टेबलावर ठेवली. म्हणाली, "फुटेल माझ्याकडून."

डावं कोपर माझंही शाबूत होतं. पण जो हात इतके दिवस खोटं सांगत आला, त्याच्या भावावर तरी काय भरवसा ठेवायचा? मी ठरवलं, पाणी दुसऱ्या माणसाने बघायचं. ते मी आजवर पाळलं. आता दादाची सून बघते. तुम्हाला चट्टा असेल आणि त्यावर कळत नसेल तर सोसतो म्हणून फुगू नका. चुलीशी, इस्त्रीशी, पाण्याशी दुसऱ्याला विचारा. आणि घरी सांगा. ताट वेगळं होईल, पण ताट परत मांडणीवर जातं. माझं गेलं. वहिनीनेच ठेवलं. त्यावरचं नाव अजून वाचता येतं.

बरेच दिवस मी कपडेच धुतले. बायका विचारायच्या, मी सांगायची, त्या पोराला छातीशी धरायच्या. मग एकदा पिंपळगावकडची एक बाळंतीण आली, बरीच मुलं झालेली, थकून गेलेली. हाजराच्या हातात दुसऱ्या खाटेवरचं पोर होतं. ती बाई मला म्हणाली, "घाला की तुमी आंघोळ. पोरगी गारठली माजी."

मी तिला सगळं सांगितलं.

"बोटं हायती का सगळी?"

मी दाखवली. तिने बघितली. मग उपडा करून हात बघितला.

"पाणी कोण बघतंय?"

"ती," मी हाजराकडे बोट केलं.

"मग घाला. लय बोलता तुमी."

हाजराने हातातलं पोर खाली ठेवलं आणि कोपर पाण्यात बुडवलं. थोडं गार ओतलं. पुन्हा बुडवलं.

"हं," ती म्हणाली.

मी पाटावर बसले आणि पाय लांब केले.